सत्तरीत लागणारा निकाल

वेंगुर्ल्यात संध्याकाळी बंदराकडे फिरायला निघालेल्या सत्तरीपुढच्या कुठल्याही माणसाला तब्येतीचं विचारून बघा, उत्तर शाळेपासून सुरू होतं. साखर नाही, रक्तदाब नाही, चष्मा फक्त पेपरापुरता. कारण? "तीन मैल चलत, अनवाणी, मिरगाच्या पावसात!" मानसीश्वर मागे पडेपर्यंत त्या तीन मैलांचे साडेतीन झालेले असतात. हे अंतर मी लहानपणापासून ऐकतोय आणि ते वाढतच चाललंय. याच गतीनं गेलं तर काही जणांची प्राथमिक शाळा लवकरच सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी पोचेल. त्याच बाकावर बसलेले दुसरे गृहस्थ गुडघा दाबत सांगतात, की सारवलेल्या जमिनीवर दिवसभर मांडी घालून बसल्यानंच सांध्यांची वाट लागली. गुडघे टिकले ते शाळेमुळे आणि गेले तेही शाळेमुळे! दोघांत भांडण मात्र होत नाही, कारण "मास्तर मारी, पण शिकयी" यावर एकमत असतं.

म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण सातासमुद्रापलीकडे गंभीर चेहऱ्याची माणसं याच गप्पांची गणितं मांडून बसली आहेत. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1992 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1920 ते 1949 या काळात जन्मलेली माणसं ज्या राज्यांत शिकली, तिथल्या सरकारी शाळा वर्षात किती दिवस भरत, एका शिक्षकापुढे किती मुलं बसत, शिक्षकांना पगार किती मिळे, ही जुनी दप्तरं त्यांनी उघडली आणि पुढे त्या मुलांच्या कमाईशी ताडून पाहिली. शाळा बरी, तर शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाचं मोल जास्त, असं निघालं. मग वैद्यकवाल्यांनी तीच दप्तरं घेतली आणि कमाईऐवजी म्हातारपणचा स्मृतिभ्रंश तपासला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात, बऱ्या शाळांच्या राज्यांत शिकलेल्यांत तो कमी आढळला. म्हणजे गुरुजींपुढे साठ पोरं होती की तीस, आणि ऐंशीत सुनेचं नाव आठवतंय की नाही, यांचा काही लागाबांधा आहे म्हणायचा. सुनेचं नाव न आठवण्याला इतरही कारणं असतात, ती आपण तूर्त बाजूला ठेवू.

आपल्याकडे अशी दप्तरं मिळायची मारामार. पण वेंगुर्ल्यात दप्तराची गरज नाही, माणसं आहेत. आणि माझ्या घरात तर दोन मावश्या होत्या.

दोघी सख्ख्या बहिणी, दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या. डोक्यानं धाकटी जरा सरसच. थोरलीला बाजारपेठेतल्या आत्याकडे कामाला मदत म्हणून पाठवलं. आत्याच्या दारासमोर शाळा. केर काढून, पाणी भरून झालं की समोर जाऊन बसायचं, आणि आत्यालाही पोर डोळ्यासमोर राहिल्याचं समाधान. अशा रीतीनं, कुणी फारसं ठरवलेलं नसताना, थोरली मराठी सातवीची फायनल झाली. धाकटी वाडीतच राहिली. वाडीची शाळा व्हाळापलीकडे, देवळाच्या पडवीत. चार इयत्ता आणि एक मास्तर. व्हाळाला साकव नव्हता. मिरग लागला की व्हाळ भरायचा तो गणपतीपर्यंत ओसरायचा नाही. त्यापुढे भातकापणी, मग शिमगा, मग आंब्या-काजूचे दिवस. मास्तर हजेरीपट घेऊन बसत आणि पोरं पलीकडच्या काठावरून "हजर" म्हणून ओरडत, असं धाकटी सांगायची. त्यात तिची भर किती आणि खरं किती, हे मास्तरांनाच विचारावं लागेल. तिसरीनंतर तिची शाळा सुटली. काढली कुणी नाही, पाण्यात विरघळली म्हणा.

कायद्याची त्या काळी अगदीच वानवा होती असंही नाही. घाटावर कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. पण सह्याद्री उतरला की तो कायदा संपे. वेंगुर्लं 1812 पासून इंग्रजांकडे. आमची नगरपालिका 1876 ची, म्हणजे आम्ही शहर म्हणून जुने, पण 1918 च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्यानं नगरपालिकांना सक्तीची मुभा दिली होती, सक्तीची सक्ती केली नव्हती. मावश्यांच्या वेळेपर्यंत 1947 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदाही आला होता. व्हाळाला त्याची प्रत पोचली नसावी.

या दोन शाळांचा निकाल लागला तो साठ वर्षांनी, आणि लागला औषधांच्या डब्यात. दोघींना रक्तदाब. थोरली चष्मा लावून गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव लावायची, मुदत बघायची, डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि दुकानदारानं काय दिलंय याचा मेळ घालायची. धाकटीचं शास्त्र रंगावर चाले. लाल सकाळची, पांढरी जेवल्यावर, अर्धी निजताना. एका महिन्यात दुकानदारानं तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली, आणि ती निघाली गुलाबी. धाकटीनं ती पट्टी देव्हाऱ्याच्या फळीवर बाजूला ठेवून दिली. आठवडाभरानं चक्कर आली तेव्हा पत्ता लागला. विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याची गोळी माका कशाक?" तिच्या प्रामाणिकपणावर काय बोलणार? गल्लत दुकानदाराची नव्हती, तिची नव्हती. साठ वर्षांपूर्वी न बांधलेल्या साकवाची होती.

गोळ्या तर म्हातारपणच्या. त्याआधी पत्रं होती. दोघींचे नवरे मुंबईला गिरणीत. त्या काळी अर्धा रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगायचा, आणि आम्ही 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग होईपर्यंत रत्नागिरीतच होतो. थोरलीचं पत्र आलं की ती दाराआड जाऊन वाचायची. धाकटीचं पत्र पोस्टमन पडवीत बसून, चहा घेऊन, खड्या आवाजात वाचायचा. नवऱ्याचा खोकला, सासूसाठी ठेवलेले दोन रुपये, "तुझी आठवण येते" हे वाक्य, सगळं वाडीला तिच्याबरोबरच कळे. थोरलीची नवऱ्याशी भांडणं व्हायची ती दोघांत. धाकटीच्या भांडणात अर्धी वाडी भाग घ्यायची आणि काही जण तर नवऱ्याची बाजू घ्यायचे, कारण पत्रं त्यांनी ऐकलेली होती. म्हातारपणच्या सुखाची मोजमापं करणारे तज्ज्ञ उत्पन्न विचारतात, आजार विचारतात. आपलं पत्र आपण एकट्यानं वाचलं होतं का, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

पुढे धाकटीला विसरायला होऊ लागलं असं तिच्या मुलाला वाटलं. तरुण डॉक्टरांनी परीक्षा घेतली. ही परीक्षा 1975 साली अमेरिकेत बनलेली, आता जगभर चालते. तारीख, वार, ठिकाण विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात, एकात एक अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला सांगतात. आणि शंभरातून सात, मग उरलेल्यांतून सात, असं वजा करत जायला सांगतात. मी बाजूलाच होतो. डॉक्टर म्हणाले, "आजी, शंभरातून सात वजा करा." मावशीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सात कोणाक दिलस रे बाबा? उधारी काय रोख?" डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येका हिशोब सांगूक नको आसा वाटता." पेन्सिल तिसरीनंतर तिनं प्रथमच हातात धरली, पंचकोनाची घोंगडी झाली, वाक्य राहिलंच. गुण कमी पडले. त्याच सकाळी तिनं मासळीबाजारात पेडव्यांच्या वाट्यावरून बाईशी वीस मिनिटं हुज्जत घालून दहा रुपये सोडवून घेतले होते, पण त्याला परीक्षेत गुण नव्हते.

ही अडचण आमच्या मावशीपुरती नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात 1990 च्या दशकात अभ्यास करणाऱ्यांना हाच अनुभव आला, म्हणून न शिकलेल्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बांधावी लागली. पुढे आपल्याकडे 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं त्यात पुढाकार घेतला, आणि पहिल्या फेरीत 45 वर्षांपुढच्या 72,000 वर लोकांना गाठलं. तिच्याच पुढच्या शाखेतून अंदाज आला, की साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यांत जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. बाई, खेड्यातली, न शिकलेली. तिन्ही खुणा लावून पाहा, व्हाळापलीकडे कोण उभं दिसतं ते.

दुसऱ्या टोकाला आमचे शेजारचे आप्पा. आप्पांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, अजून तोंडपाठ आहे. बँकेत 'सर्व्हर डाऊन' झालं की त्यांना दिवाळी. काउंटरवरच्या मुलीनं काही बोलायच्या आत ते मुदतठेवीचं व्याज आणा-पैच्या थाटात सांगतात, आणि सर्व्हर परत आला की तो आकडा जुळतो का हे बघायला तिथेच थांबतात. रांग खोळंबते. औटकीचा आज व्यवहारात उपयोग शून्य आहे, हे आप्पांनाही मान्य. पण ब्याऐंशीव्या वर्षी चारचौघांत आपला आकडा बरोबर निघणं, याच्या तोडीचं टॉनिक अजून मेडिकलात मिळत नाही.

मात्र बंदरावरच्या बाकाकडून एक गोष्ट मी मान्य करणार नाही. छडी, उपास, तीन मैल आणि व्हाळ यांनी माणसं घडली, असं तिथे ठामपणे सांगतात. सांगणारे कोण? जे व्हाळ ओलांडून पलीकडे गेले ते. जे काठावरून परत फिरले, किंवा दहाव्या वर्षी छडीला भिऊन पळाले आणि मुंबईच्या खाणावळीत भांडी घासायला लागले, त्यांचं 'आमच्या वेळची शाळा' हे आत्मचरित्र बाकावर कुणी ऐकत नाही. त्यांतल्या काहींनी परळ-लालबागच्या रात्रशाळांत डुलक्या घेत मॅट्रिक केलं. ते त्या छडीमुळे नव्हे, छडीचं उट्टं काढायला.

आणि काहींना तर व्हाळ ओलांडूनही वर्गात जागा नव्हती. साताऱ्याच्या शाळेत आपण घरून गोणपाट नेऊन वेगळे बसत होतो, हे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय. कोकण याहून वेगळं नव्हतं. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई प्रांतातल्या सार्वजनिक शाळा, पाणवठे सर्वांना खुले झाले, पण कागदावर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांत सगळी पोरं एका ओळीत बसावीत म्हणून सावरकरांना त्यानंतर कैक वर्षं खटपट करावी लागली. एकच शाळा, एकच मास्तर, एकच पाढा. एक आत बसून म्हणतो आणि एक व्हरांड्यात बसून. दोघांच्या दाखल्यावर इयत्ता तीच. शिक्षणाची वर्षं मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात हा उंबरठा दिसत नाही. 'जुनी शाळा सोन्याची' म्हणताना आवाज जरा खाली आणावा, एवढं तरी आपण करू शकतो.

जुन्या शाळेतलं खरोखर सोनं शोधायचं तर आमच्याच तालुक्यातल्या शिरोड्याला जावं. वि. स. खांडेकर 1920 साली तिथे मास्तर म्हणून आले आणि 1938 पर्यंत राहिले. पुढे 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. पण मला नवल वाटतं ते त्या अठरा वर्षांचं. मिठागरांचं, हिवतापाचं गाव. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहानं ढवळून निघालेलं. मुंबईला जाणारी आगबोट पावसाळ्यात बंद. तिथे पुण्या-मुंबईच्या तोडीचा माणूस अठरा वर्षं खडू हातात धरून उभा राहिला. आज बाहेरच्या जिल्ह्यातून नेमलेला शिक्षक सिंधुदुर्गात रुजू होतो आणि त्याचं लक्ष आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे लागतं. त्याचा दोष नाही, त्याचेही आईवडील तिकडे असतात. पण कार्ड-क्रूगर यांच्या तक्त्यात शिक्षकाच्या पगाराला रकाना आहे. मास्तर गावात किती वर्षं टिकला, याला नाही.

पोटाचं तर बोलायचंच राहिलं. आमच्या वेळी अमेरिकेची दूधभुकटी यायची, तिचा वास नाकात अजून आहे. 15 ऑगस्ट 1995 ला शालेय पोषणाची योजना आली. आधी पोरांना घरी न्यायला तांदूळ मिळे, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवून द्या म्हणून बजावल्यावर खिचडी आली. त्या खिचडीची जेवढी चेष्टा झाली तेवढी कुठल्याच सरकारी योजनेची झाली नसेल. 2021 मध्ये एका अभ्यासात दिसलं, की ज्या मुलींना शाळेत असं जेवण मिळालं होतं, त्यांच्या पोटच्या मुलांची उंची कमी खुंटली. खिचडी एका पिढीनं खाल्ली, अंगाला लागली दुसरीच्या.

इतकं सगळं असूनही शाळेचा निकाल म्हटलं की आपल्याला दहावीच दिसते. कोकण मंडळ वेगळं झालं आणि 2012 पासून राज्यात दर वर्षी पहिलंच येतंय. वेंगुर्ल्यात त्या दिवशी पेढे संपतात. चांगलंच आहे, पेढे मीही खातो. पण त्याच जिल्ह्यात वाड्यावाड्यांतल्या शाळांचा पट वीसच्या खाली गेला म्हणून त्या समूहशाळेत मिसळायची भाषा चालते. पट वीसचा असेल, पण त्या वीस पोरांच्या घरापासून शाळा किती लांब जाईल, मध्ये व्हाळ किती, पोरगी असली तर आई पाठवील का, हे हिशेब कुणी मांडले तर तो पट एकदम मोठा दिसू लागेल. खर्च वाचेल हे खरं. तो साठ वर्षांनी औषधाच्या डब्यात सापडेल.

उशीर झाला तरी काही गोष्टी वसूल होतात. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 2016 च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसतात. धाकटी मावशी असती तर मी तिला तिथे घेऊन गेलो असतो. तिनं गुरुजींना पेडव्यांचा भाव विचारला असता ही गोष्ट वेगळी. बँकेत अंगठ्याच्या जागी सही करता आली की त्या बाईची मान कशी होते, ते कुठल्याही पेन्शनच्या दिवशी, कुठल्याही बँकेत उभं राहून बघावं.

तेव्हा वेंगुर्ल्यातल्या, कुडाळातल्या, सावंतवाडीतल्या तमाम डॉक्टरमंडळींना एक विनंती. केसपेपरवर वय, वजन आणि रक्तदाब लिहून झाला की खाली एक ओळ मोकळी ठेवा: शाळा कुठली, आणि पावसाळ्यात भरायची का? गोळीची कंपनी बदलताना ती ओळ वाचा, आणि रंग बदललाय हे तोंडानं सांगा. आणि शंभरातून सात वजा करायला सांगणारच असाल, तर आधी ते सात कुणाला दिले आणि पैसे रोख मिळाले की उधारी, तेवढं आजीला सांगून टाका.